सात माणसांची मोटार आणि चढावरचे एंजिन

सात आसनांची लहान मोटार हैदराबादेतील काचीगुड्याहून सहकुटुंब तुळजापूरला निघाली की सपाट रस्त्यावर निर्वेध धावते. परंतु सात माणसांनिशी बंजारा हिल्सचा चढ आला की चालकाला खालचा गिअर टाकणे भाग पडते. सात प्रौढांचे वजन साडेचारशे किलोंच्या आसपास, म्हणजे अशा मोटारीच्या स्वतःच्या वजनाच्या तिसऱ्या हिश्शाहून अधिक भरते, आणि चढावर लागणारा जोर एकूण वजनाच्या प्रमाणात वाढतो.

२०१२ साली आलेली मारुती एर्टिगा पेट्रोल आणि डिझेल अशा दोन्ही एंजिनांत मिळे. पेट्रोलचे एंजिन चाक फिरवण्याचा सर्वाधिक जोर मिनिटाला ४००० फेऱ्यांवर देई. डिझेलचे, आकाराने लहान असूनही, त्याच्या दीडपट जोर १७५० फेऱ्यांवरच देई. डिझेल ठिणगीवाचून, केवळ दाबून तापलेल्या हवेत पेटते, आणि धुराच्या झोतावर फिरणारा टर्बो आत अधिक हवा कोंबतो. म्हणून ते एंजिन भरलेला हातगाडा पाय रोवून ढकलणाऱ्या हमालाप्रमाणे सावकाश, पण नेटाने चढते.

तथापि एप्रिल २०२० पासून वाहनांच्या धुरावरचे भारत स्टेज ६ चे निर्बंध अंमलात आले आणि मारुतीने डिझेल एंजिने बंद केली. इतर कंपन्यांच्या नव्या डिझेल मोटारींतील काजळीची गाळणी स्वच्छ होण्यास दीर्घकाळ तापलेला धूर लागतो, आणि काचीगुडा ते कोठी एवढ्या रोजच्या फेरीत तो तापतच नाही. म्हणून ज्यांचा प्रवास मुख्यतः शहरातला, त्यांनी माझ्या मते निःशंकपणे पेट्रोल घ्यावे. मात्र परीक्षेची फेरी एकट्याने न मारता सर्व कुटुंबीयांना बसवून, चढावरच मारावी.