ड्रायर फिरतो, पण तापत नाही

अमेरिकेतल्या मराठी घरांत थंडीच्या दिवसांत एक तक्रार हटकून ऐकू येते: ड्रायर फिरतोय, पण कपडे ओलेच. त्यावर ओळखीपाळखीच्यांचं निदानही ठरलेलं: ‘एलिमेंट जळलं असणार.’ मग नवं एलिमेंट मागवलं जातं, शनिवारची दुपार त्यात जाते आणि कपडे तरीही दमटच निघतात.

एलिमेंट जळत नाही असं नाही. पण पहिला संशय त्याच्यावर घेणं चुकीचं आहे. कपडे नुसत्या उष्णतेने सुकत नाहीत. तापलेली हवा ड्रममधून खेचली जाते, ओल घेते आणि चार इंची डक्टमधून घराबाहेर पडते. ही वाट लिंटने, म्हणजे कपड्यांच्या बारीक तंतूंनी, तुंबली की दमट हवा आतच कोंडते, हीटरभोवतीचं तापमान भराभर चढतं आणि थर्मोस्टॅट एलिमेंटला सारखं बंद करत राहतो. एलिमेंट धडधाकट असूनही कपडे सुकत नाहीत. असंच चालू राहिलं तर थर्मल फ्यूज किंवा हीटरजवळचा कट-ऑफ उडतो. फ्यूज एकदा उडला की तो बदलावाच लागतो.

खरा घोळ इथून पुढे. फ्यूज बदलला जातो, डक्टला कुणी हात लावत नाही आणि काही दिवसांत नवा फ्यूजही उडतो. मग कुणीतरी सुचवतो, फ्यूज काढून तारा थेट जोडा! हा सल्ला देणाऱ्याला आपण काय सांगतोय याची कल्पना तरी असते का? यूएस फायर ॲडमिनिस्ट्रेशनच्या २०१२च्या अहवालानुसार, २००८ ते २०१० या काळात तिथल्या निवासी इमारतींत ड्रायरमुळे दरवर्षी अंदाजे २,९०० आगी लागल्या. सर्वांत मोठं कारण होतं साफसफाई न करणं: ३४ टक्के. फ्यूज बसवलेला असतो तो नेमका या आगी टाळण्यासाठी.

तपासणीचा क्रम सोपा आहे. आधी ब्रेकर पूर्ण बंद करून पुन्हा चालू करावा. तिथल्या इलेक्ट्रिक ड्रायरचं एलिमेंट २४० व्होल्टवर चालतं, मोटर मात्र बहुतेक मॉडेल्समध्ये १२०वर. त्यामुळे दुहेरी ब्रेकरची एक बाजू गेली तरी ड्रम फिरत राहू शकतो, फक्त गरम होत नाही.

मग बाहेर जाऊन भिंतीवरच्या व्हेंटसमोर हात धरावा. जोरदार झोत लागला पाहिजे आणि झडप नीट उघडली पाहिजे. पुष्कळदा बिजागरीवर ओलसर, राखाडी लिंटचा थर बसलेला असतो आणि झडप जेमतेम बोटभर उचलली जाते. शंका उरलीच तर इलेक्ट्रिक ड्रायरचा डक्ट मागून सोडवून थोडे कपडे सुकवून पाहावेत. ते झटपट सुकले तर दोष डक्टचा. गॅस ड्रायरवर हा प्रयोग कधीही करू नये. कार्बन मोनॉक्साइड घरात पसरतो.

एलिमेंटची पाळी त्यानंतर. प्लग काढून, एलिमेंटच्या तारा सोडवून मल्टिमीटर लावावा. ५,४०० वॉटचं एलिमेंट १० ते ११ ओहम दाखवतं. रीडिंगच आलं नाही तर ते खरोखर गेलंय.

बाकीचे गैरसमज थोडक्यात:

‘लिंटची जाळी दर वेळी साफ करतो, मग डक्ट स्वच्छच असणार.’ जाळीतून निसटलेलं बारीक लिंट डक्टमध्येच साचतं.

‘डक्ट कितीही लांब चालतो.’ इंटरनॅशनल रेसिडेन्शियल कोडची सर्वसाधारण मर्यादा ३५ फूट आहे आणि प्रत्येक काटकोनी वळणाचे ५ फूट त्यातून वजा होतात.

‘गॅस ड्रायर सुरुवातीला तापतो आणि मग थंड पडतो, म्हणजे गॅस कमी येतोय.’ बहुतेकदा गॅस व्हॉल्व्हच्या कॉइल्स कमजोर झालेल्या असतात.

‘सेमी-ऑटोमॅटिक वॉशिंग मशीनचा ड्रायर तापत नाही, म्हणजे बिघडला.’ त्यात हीटर नसतोच. तो फक्त वेगाने फिरवून पाणी काढतो.

‘वॉशर-ड्रायरमध्ये जेवढे धुतले तेवढे सुकतात.’ सुकवण्याची क्षमता सहसा धुण्याच्या क्षमतेपेक्षा कमी असते, उदाहरणार्थ ८ किलो धुणं आणि ५ किलो सुकवणं. धुऊन झाल्यावर जास्तीचे कपडे काढून दोरीवर टाकावेत.