दुधी चिरण्याआधी एक फोड जिभेवर

गच्चीवरच्या ड्रममध्ये लावलेल्या वेलाला पहिला दुधी धरला, की घरात त्याचे कौतुक नातवंडासारखे होते. रोज सकाळी चहाचा कप घेऊन कोणीतरी वर जाते आणि बोटभर होता तो वीतभर झाल्याची बातमी खाली आणते. नातेवाइकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर फोटो जातात. शेवटी तो तोडायचा दिवस उजाडतो आणि स्वयंपाकघरात साधारण असे बोलणे होते.

‘आई, किती कोवळा आहे बघा, नख सहज रुततंय. चणाडाळ घालून करू ना?’

‘कर की. पण चाखून बघितलंस का?’

‘घरचाच तर आहे! ना खत, ना औषध.’

‘घरचा असला म्हणून काय झालं? एक फोड जिभेवर ठेवून बघ आधी.’

सासूबाईंचा हा आग्रह सुनेला जुन्या वळणाचा वाटू शकतो. विज्ञान मात्र या वादात पूर्णपणे सासूबाईंच्या बाजूने आहे. उलट, घरी राखलेल्या बियांपासून आलेल्या दुधीला ही परीक्षा बाजारच्या दुधीपेक्षा जास्त गरजेची असते.

दुधी, काकडी, लाल भोपळा, दोडका, कलिंगड ही सगळी एकाच कुळातली भावंडे. या कुळातल्या वनस्पती किडींपासून आणि चरणाऱ्या जनावरांपासून बचाव करण्यासाठी ‘कुकुर्बिटासिन’ नावाची अतिशय कडू संयुगे तयार करतात. रानातल्या कडू इंद्रावणाच्या फळाला जनावरही सहसा तोंड लावत नाही, ते यामुळेच. माणसाने हजारो वर्षे कमी कडू फळांचे बी राखत राखत आजच्या गोड जाती घडवल्या. २०१४ साली चिनी संशोधकांनी ‘सायन्स’ या नियतकालिकात काकडीच्या कडूपणामागची जनुके उलगडून दाखवली. कडू द्रव्य बनवणारी नऊ जनुके त्यांना सापडली आणि ती चालू-बंद करणारी दोन वेगळी ‘बटणे’ही, एक पानांसाठी, एक फळांसाठी. लागवडीच्या काकडीत फळाचे बटण मंदावलेले असते. कडूपणा बनवण्याची यंत्रणा मात्र तशीच शाबूत असते. पाण्याची ओढ बसली, कडक ऊन पडले, की एरवी गोड असणारी काकडी देठाकडे कडवट लागते, ती याच यंत्रणेमुळे.

दुधीत हा कडूपणा कधी कधी फार मोठ्या प्रमाणात परततो आणि मग तो केवळ चवीचा प्रश्न राहत नाही. २०१० मध्ये दिल्लीत एका शास्त्रज्ञाचा दुधी आणि कारल्याचा रस प्यायल्यानंतर मृत्यू झाला. त्यांच्या पत्नीनेही तोच रस घेतला होता. त्या आजारी पडल्या, पण वाचल्या. हा रस त्यांच्याकडे काही पहिल्यांदाच केलेला नव्हता. त्या प्रकरणानंतर भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने तज्ज्ञांची समिती नेमली. तिने दिलेला सल्ला सासूबाईंच्या सल्ल्याहून फारसा वेगळा नाही: रस काढण्याआधी दुधीचा छोटा तुकडा चाखावा, कडू लागला तर संपूर्ण दुधी टाकून द्यावा, आणि दुधीच्या रसात दुसरा कोणताही रस मिसळू नये. २०१८ साली पुण्यातही दुधीचा रस प्यायल्यानंतर एका महिलेचा मृत्यू झाल्याची बातमी आली होती.

दुसरा रस मिसळू नये, यामागचे कारण साधे आहे. कारले मुळातच कडू. त्याचा कडूपणा ‘मोमोर्डिसिन’सारख्या संयुगांचा असतो आणि आपण ती भाजी पिढ्यान् पिढ्या खात आलो आहोत. पण त्याच्यासोबत दुधी मिसळला, की जिभेला कळणार कसे कडू कोण ते? आवळा, पुदिना, आले, मध हेही तेच काम करतात, धोक्याची खूण झाकून टाकतात. त्यात रस म्हणजे अख्खा दुधी एका पेल्यात. भाजीचा पहिला घास कडू लागला तर माणूस थांबतो. रस ‘औषध आहे’ म्हणून नाक दाबून घटाघटा पितो.

भाजी शिजवली म्हणजे सुटलो, असेही नाही. कुकुर्बिटासिन उष्णतेने सहसा नष्ट होत नाही. उकळा, कुकरच्या शिट्ट्या करा, तळा, ते तसेच राहते. मीठ लावून पिळून घेतल्याने किंवा गूळ घातल्याने चव सौम्य होईल, विष जाणार नाही. काकडीचे टोक कापून चोळायचे आणि पांढरा फेस काढायचा, ही आपल्याकडची लाडकी युक्ती. तिचा फायदा होतो तो देठाकडचा भाग कापून टाकल्याचा, कारण काकडीत कडूपणा बहुधा तिथे जास्त असतो. चोळल्याने उरलेल्या काकडीत काही फरक पडत नाही.

आता घरच्या वेलाकडे येऊ. ‘कारल्याशेजारी लावला म्हणून दुधी कडू झाला’ असे बागकाम करणारे अनेक जण सांगतात. हे खरे नाही. दुधी आणि कारल्याचा संकर होतच नाही. दुधीचा संकर होतो दुधीच्याच जातभाईंशी, म्हणजे बांधावर आपोआप वाढणाऱ्या कडू भोपळ्याशी. आपल्या तंबोऱ्यासाठी आणि सतारीसाठी वापरतात, तोही याच जातीतला मोठा भोपळा. दुधीचे पांढरे फूल संध्याकाळी उमलते, रात्री पतंग त्याच्यावर येतात आणि परागकण एका वेलावरून दुसऱ्यावर नेतात. कुंपण कोणाचे, गच्ची कोणाची, याची त्यांना पर्वा नसते.

गंमत अशी, की संकर झाला तरी त्या वर्षीचा दुधी गोडच राहतो, कारण फळाचा गर आईवेलाच्या पेशींचा असतो. बदल होतो तो आतल्या बियांत. एखादा छानसा दुधी बियाण्यासाठी वेलावरच वाळू द्यायचा, बी राखेत घोळवून पुडी बांधून ठेवायची आणि पुढच्या पावसाळ्यात लावायची, ही घरोघरची रीत. कडू वेल नेमका याच पुडीतून उगवू शकतो. तोंडावळा तोच, रंग तोच, कोवळीक तीच. बाहेरून ओळखण्याची सोय नाही. उकिरड्यावर किंवा कंपोस्टच्या ढिगात आपोआप उगवलेल्या वेलाचेही तसेच. त्याचे आईबाप कोण, हे कोणालाच ठाऊक नसते. परसबागांची हौस मोठी असलेल्या फ्रान्समध्ये तिथली अन्नसुरक्षा संस्था याच कारणासाठी घरच्या भोपळ्यांचे बी राखून न लावण्याचा सल्ला देते. २०१८ मध्ये तिथल्याच दोन स्त्रियांची नोंद वैद्यकीय नियतकालिकात आली. कडू भोपळा खाल्ल्यावर त्यांना आधी उलट्या झाल्या आणि काही आठवड्यांतच डोक्यावरचे केस मोठ्या प्रमाणात गळाले.

कडू लागूनही माणसे खातात, ही खरी अडचण. घरच्या वेलाचा पहिला दुधी टाकून द्यायला जीव होत नाही. शेजारच्या काकूंनी मोठ्या प्रेमाने दिलेली भाजी, ‘कडू आहे’ म्हणायचे कसे? सुनेने केली असेल तर सासरे गप्प राहतात, सासूने केली असेल तर सून. वयोमानाने किंवा आजारपणाने ज्यांची चव कमी झाली आहे, त्यांना तर ते कळतही नाही. म्हणून चाखण्याचे काम आजोबांवर सोपवू नये. फोड जिभेवर टेकवायची, कडू लागली की थुंकायची, चूळ भरायची.

कडू दुधी पोटात गेल्यावर त्रास बहुतेकदा काही मिनिटांत ते काही तासांत सुरू होतो. पोटात कळा येतात, उलट्या आणि जुलाब होतात. गंभीर प्रकरणांत उलटीतून रक्त पडते आणि रक्तदाब झपाट्याने खाली येतो. यावर उतारा असे औषध नाही. शिरेतून सलाइन देणे, रक्तदाब सांभाळणे, जठराला जपणारी औषधे देणे, हेच उपचार, आणि ते वेळेवर मिळाले तर बहुतेक रुग्ण बरे होतात. म्हणून ‘पित्त झालं असेल’ म्हणत घरी सोडा-लिंबू घेत बसू नये. रुग्णालयात गेल्यावर दुधी खाल्ल्याचे आणि तो कडू होता हे आपणहून सांगावे. डॉक्टरांना ते विचारायचे सुचेलच असे नाही.

एक फळ कडू निघाले तर त्या वेलावरच्या बाकीच्या फळांचा मोह सोडावा आणि वेल मुळासकट उपटावा. त्याचे बी तर मुळीच ठेवू नये. पुढच्या हंगामाला पाकिटातले बी आणावे. सासूबाईंना राखेतली पुडी टाकायला सांगणे अवघड जाईल. ती दोडक्याची आहे का दुधीची, हेही त्यांना आता आठवत नसेल. पण वेलावरचा दुसरा दुधी शेजारी पाठवायचाच असेल, तर सोबत निरोपही जावा: ‘काकू, चिरायच्या आधी चाखून बघा हं.’