पाऊस आणि पिले

मृगाच्या सुमारास सोलापुरातील भवानी पेठेत सायंकाळी गच्चीवर उभे राहिले, तर गायबगळ्यांचे थवे आपल्या झाडांकडे परतताना दिसतात. हे पक्षी एकेकटे घरटी बांधीत नाहीत. एकाच झाडावर अनेक जोडप्यांचा संसार असतो. अशा वसाहतीला सोलापुरात जन्मलेले वनाधिकारी मारुती चितमपल्ली यांनी ‘सारंगागार’ हे सुंदर नाव दिले. मुलांनो, सारंगागारातील किती पिले जगतील, हे बऱ्याच अंशी हवामान ठरविते. ते कसे, ते पाहू.

भीमा नदीवरील उजनी धरण १९८० साली पूर्ण झाले. त्याच्या फुगवट्याच्या परिसरात, इंदापूरच्या चिंचांवर व भादलवाडी तलावातील बाभळींवर, चित्रबलाक उन्हाळ्यात घरटी करतात. ऐन उन्हाळाच का? चित्रबलाक अर्धवट उघडी चोच उथळ पाण्यात फिरवितो आणि मासा चोचीला लागताच ती मिटतो. खोल पाण्यात हे साधत नाही. उन्हाळ्यात पाणी ओसरले, की मासे थोड्या पाण्यात दाटतात. पिलांची भूक वाढते ती याच वेळी. राजस्थानात भरतपूर येथे मात्र हाच पक्षी पावसाळ्याच्या अखेरीस घरटी करतो; कारण तेथे तेव्हाच पाणी व मासे मुबलक असतात. म्हणजे पक्षी महिना पाहत नाहीत, अन्न पाहतात.

परंतु हा हिशेब नाजूक असतो. अवर्षणाने तलाव आटला, तर मासे संपतात आणि झाडांभोवतीचा पाण्याचा खंदकही नाहीसा होतो. घरट्यातील सर्व अंडी एकाच दिवशी फुटत नाहीत. त्यामुळे अन्न अपुरे पडले, की थोरली भावंडे घास घेतात आणि धाकटे पिलू उपाशी मरते. वळवाच्या वादळाने व गारांनी काटक्यांची उघडी घरटी कोसळतात.

पुढे पावसाळा सुरू होतो. पाणी खोल झाल्याने उशिरा जन्मलेल्या चित्रबलाकांच्या पिलांचे हाल होतात. गायबगळ्यांचे मात्र फावते. पावसाने गवत वाढते, किडे व बेडूक विपुल होतात आणि त्यांवर त्यांची पिले पोसली जातात. एकाच पावसाची सर एकाला आई, तर दुसऱ्याला सावत्र आई होते!

पाऊस आपल्या हाती नाही. पण एक गोष्ट आहे. भर दुपारी चित्रबलाक पंख पसरून पिलांवर सावली धरून उभा असतो. आपण दगड मारून वा गलका करून त्याला उडविले, तर ती कोवळी पिले तापत्या उन्हात उघडी पडतात. म्हणून घरट्यांची झाडे राखावीत आणि त्यांच्याकडे दुरूनच पाहावे.