पाठदुखीसाठी घरी हॉट टब घ्यायचाय? कार्टमध्ये टाकण्याआधी हे गणित करून बघा

आज मोबाईल नाही, ॲप नाही, थेट पाण्याच्या टबाबद्दल बोलायचंय. हसू नका. तुमच्याही फीडमध्ये ते रील आलं असेलच: हवा भरून फुगवलेला गोल टब, आत बुडबुडे, आणि खाली लिहिलेलं "पाठदुखीला कायमचा रामराम". मागच्या हिवाळ्यात मी ते रील बघितलं आणि अर्ध्या तासात ईएमआयच्या पानावर पोहोचलो होतो.

कारण घरचंच होतं. आमचं गाव सिद्धेश्वर, हिंगोली जिल्ह्यात, पूर्णा नदीवरच्या धरणाशेजारी. शेतात हळद. हळदीची काढणी म्हणजे दिवसभर वाकून काम, मग शिजवणं, वाळवणं, पोती उचलणं. आमच्या अण्णांची कंबर दोन हंगामांपासून धरलेली. सकाळी उठताना भिंतीला हात लावून उठायचे, आणि विचारलं की "काही नाही, थंडीनं धरलीया" म्हणायचे. मी पुण्यात नोकरीला. लांबून काहीतरी मोठं पाठवून द्यावं आणि मोकळं व्हावं, हा मोह कुणाला होत नाही?

आधी कंबर, मग टब

पाय बधिर पडणं किंवा पायातली ताकद कमी होणं, लघवी-संडासवरचा ताबा सुटणं, मांड्यांच्या मधल्या भागाला स्पर्श न कळणं, ताप, कारण नसताना वजन उतरणं, किंवा पडल्यानंतर सुरू झालेलं दुखणं. यातलं काहीही असेल तर हा लेख बंद करा आणि डॉक्टर गाठा. तिथे गरम पाण्याचं काम नाही.

अण्णांच्या बाबतीत असं काही नव्हतं. डॉक्टरांनी तपासून सांगितलं, स्नायू आखडलेत, व्यायाम करा. अशा दुखण्यात गरम पाणी काय करतं? ऊब लागली की स्नायू सैल होतात आणि काही तास बरं वाटतं. शिवाय पाणी शरीराला उचलून धरतं. बेंबीपर्यंत पाण्यात उभं राहिलं तरी शरीराचा जवळपास निम्मा भार पाणी पेलतं. पण हा आराम तात्पुरता असतो. जागतिक आरोग्य संघटनेने डिसेंबर २०२३ मध्ये जुनाट कंबरदुखीसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यात व्यायामाचा कार्यक्रम आणि रुग्णाला दुखणं नीट समजावून सांगणं यांची शिफारस आहे, आणि कमरेचे पट्टे नेहमी वापरू नका असं म्हटलंय. (आमच्या घरी असे दोन पट्टे आहेत. दोन्ही मीच आणलेले.)

अजून एक गोष्ट मला आधी माहीत नव्हती. हॉस्पिटलमधली 'हायड्रोथेरपी' आणि हॉट टब या वेगळ्या गोष्टी आहेत. तिथे साधारण ३३ ते ३६ अंशांच्या पाण्यात फिजिओथेरपिस्ट तुमच्याकडून व्यायाम करून घेतो. हॉट टबमध्ये तुम्ही ३८-४० अंशांच्या पाण्यात नुसते बसता. जाहिरातीत मात्र पहिल्याचं नाव लावून दुसरं विकतात.

बुडबुडे म्हणजे मसाज नव्हे

वस्तू निवडताना सगळ्यात जास्त फसवणूक इथे होते. फुगवायच्या स्वस्त टबमध्ये "१०० हून जास्त जेट" असं लिहिलेलं असतं. ते बहुतेक हवेचे जेट असतात. तळाच्या भोकांतून हवा सोडली की बुडबुडे येतात, गुदगुल्या होतात, बस्स. पाठीवर दाब देणारे जेट पाण्याचे असतात, त्यांना वेगळा दमदार पंप लागतो, आणि किंमत उडी मारते. वर्णनात 'एअर' आहे की 'हायड्रो', एवढा एक शब्द तपासा. आणि हवा बाहेरची, म्हणजे थंड. बुडबुडे चालू असताना पाणी उलट लवकर गार होतं.

या जेटची गोष्ट मोठी छान आहे. अमेरिकेत स्थायिक झालेलं जकुझी हे इटालियन कुटुंब पंप बनवायचं. त्यातल्या कँडिडो जकुझीच्या लहान मुलाला, केनेथला, संधिवात होता. हॉस्पिटलातले पाण्याचे उपचार घरी मिळावेत म्हणून १९५६ मध्ये त्यांनी एक पंप बाजारात आणला, जो घरातल्या साध्याच बाथटबमध्ये बसवता यायचा. अख्खा टब नंतर आला, सुरुवात पंपापासून झाली. हे वाचून माझ्या डोक्यात पहिल्यांदा प्रश्न आला की मला नक्की विकत काय घ्यायचंय?

आता वीज

मी बघत होतो तो टब चार माणसांचा, ८०० लिटरचा, हीटर २.२ किलोवॅटचा. एक लिटर पाणी एक अंशाने तापवायला १.१६ वॅट-तास ऊर्जा लागते. म्हणजे ८०० लिटरला प्रत्येक अंशामागे ०.९३ युनिट. डिसेंबरात आमच्या टाकीतलं पाणी २० अंश धरा. ३८ पर्यंत न्यायला १८ अंश, म्हणजे जवळपास १७ युनिट आणि साडेसात तासांहून जास्त वेळ. सोयीसाठी युनिट १० रुपये धरा (तुमचा दर बिलावर बघा), तर पहिल्यांदा तापवायलाच १७० रुपये. पुढे तेच पाणी राहतं, म्हणून रोज एवढं लागत नाही. पण फुगवलेल्या टबाच्या भिंती पातळ, आणि हिवाळ्याच्या रात्री झाकण असलं तरी पाणी उतरतंच.

हे झालं २३० व्होल्टचं. गावात संध्याकाळी व्होल्टेज १८० वर आलेलं मी मीटर लावून बघितलंय. हीटरची ताकद व्होल्टेजच्या वर्गाप्रमाणे घटते. १८० ला २३० ने भागा आणि आलेल्या आकड्याचा वर्ग करा, ०.६१ येतं. म्हणजे २.२ चा हीटर १.३५ किलोवॅटचा होतो आणि साडेसात तासांचे बारा तास होतात. मधे लाईट गेली तर विषयच संपला. परदेशातल्या रिव्ह्यूमध्ये हे कुणी सांगणार नाही, कारण त्यांच्याकडे हा प्रश्नच नसतो.

त्यातच अर्थिंग. पाण्यात बसलेला माणूस आणि विजेचं यंत्र यांच्यामध्ये ३० मिलिअँपिअरला तुटणारा आरसीसीबी हवाच, आणि अर्थिंग खरोखर जमिनीत गेलेलं हवं. आमच्या घरी वायरमन बोलावून तपासलं. अर्थिंगची तार बोर्डाच्या मागेच संपत होती! टब घ्या न घ्या, हे आजच तपासून घ्या. टबाचं मोबाईल ॲप असतं, त्याचा मला भारी मोह होता. ते शेवटी बघा. स्मार्ट प्लग लावणार असाल तर १६ अँपिअरचाच घ्या, कारण असा हीटर तासन् तास साडेनऊ अँपिअर ओढतो.

छतावर ठेवू?

नको. ८०० लिटर म्हणजे ८०० किलो. दोन माणसं आणि टब धरून साडेनऊशेच्या पुढे. दोन मीटर व्यासाच्या टबाखाली सव्वातीन चौरस मीटरपेक्षाही कमी जागा येते, म्हणजे प्रत्येक चौरस मीटरवर ३०० किलो. आपल्याकडच्या मानकानुसार गच्चीचा स्लॅब साधारण १५० किलो आणि राहत्या खोलीचा २०० किलो वापराचा भार धरून बांधतात. तोही मानक पाळलं असेल तर. रीलमधला टब गच्चीवरच असतो, तेवढंच शूटिंगला बरं दिसतं.

मग अंगणात? तिथे आईने एका वाक्यात निकाल लावला: "नळाला पाणी एक दिवसाआड, आणि तू हौद भरायलास का?" धरण डोळ्यांसमोर आहे, वरच्या येलदरीतून सोडलेलं पाणी दारावरून कालव्याने पुढे परभणी-नांदेडकडे जातं, पण घरातल्या नळाचं वेळापत्रक वेगळंच. बोअरचं पाणी क्षारांचं, ते हीटरवर थर धरतं. शिवाय कोमट साचलेलं पाणी जंतूंना फार आवडतं. क्लोरीन किमान ३ पीपीएम, पीएच ७ ते ७.८ मध्ये, दर वापराआधी पट्टी बुडवून तपासणं, फिल्टर धुणं. हे आळस केला तर अंगावर पुरळ येतं आणि श्वसनाचे गंभीर आजारही होऊ शकतात. पुण्यात बसून मी हे करणार नव्हतो. अण्णा तर नाहीच.

अण्णांना किंमत सांगितली तेव्हा ते एवढंच म्हणाले, "एवढ्यात विहिरीवर नवी मोटार येती." आणि एप्रिल-मेमध्ये आमच्याकडे पारा चाळिशी ओलांडतो तेव्हा गरम पाण्यात बसणार कोण?

मग काय घेतलं?

आमच्या आजीला गुडघ्यांसाठी उनकेश्वरला नेल्याचं घरात अजून सांगतात. नांदेड जिल्ह्यात किनवट तालुक्यातले ते गंधकाचे गरम झरे. तिथे जेट नव्हते, ॲप नव्हतं, माणूस पाण्यात बसायचा. उरुळी कांचनला गांधीजींनी १९४६ मध्ये सुरू केलेल्या निसर्गोपचार आश्रमासारख्या ठिकाणी कटिस्नानाचा टबही एका माणसापुरताच असतो, फक्त तिथे पाणी बहुधा गार. मला लागत होतं ते एवढंच: एक माणूस, कमरेच्या वर येणारं पाणी, १५ मिनिटं.

म्हणून मी एका माणसाचा २०० लिटरचा कडक प्लास्टिकचा टब घेतला. घडीचा नाही, कारण उठताना काठावर जोर द्यावा लागतो आणि घडीच्या टबाचा काठ दबतो. कंबर धरलेल्या माणसासाठी टबातून उठणं हाच धोक्याचा क्षण. भिंतीला पकडायचा दांडा, खाली रबरी मॅट, बाहेर पायरी.

पाणी कुठून? छतावर १०० लिटरचा सोलर आधीच होता. ६० अंशांचं १०० लिटर आणि २० अंशांचं १०० लिटर मिसळलं की २०० लिटर ४० अंशांचं होतं. वीज शून्य. माणूस आत बसला की पाणी वर चढतं, म्हणून १८० च भरतो. सोलर नसेल तर तेवढंच पाणी गीझरने तापवायला सव्वाचार युनिट लागतात, फक्त २५ लिटरच्या एका गीझरवर विसंबू नका: ६५ अंशांच्या २५ लिटरमधून ४० अंशांचं जेमतेम ५६ लिटर पाणी बनतं. वापरलेलं पाणी रोज परसातल्या केळीला, त्यामुळे क्लोरीनची भानगड नाही.

थर्मामीटर मात्र घ्याच, हाताचा अंदाज फसतो. तापाचा चालणार नाही, तो ४२-४३ च्या पुढे दाखवत नाही. मत्स्यटाकीचा किंवा स्वयंपाकाचा घ्या. ४० च्या वर कधीच नाही. गरोदर बाई, हृदयाचा किंवा रक्तदाबाचा त्रास असलेले, मधुमेहामुळे पाय बधिर झालेले यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय आत बसू नये. दारू पिऊन तर कुणीच नाही.

अण्णा संध्याकाळी १५ मिनिटं बसतात, आणि अंग गरम असतानाच फिजिओथेरपिस्टने शिकवलेले चार व्यायाम चटईवर करतात. दुखणं गेलेलं नाही. पण सकाळी भिंत धरायची सवय सुटलीय, आणि पोती उचलायला आता दोघं लागतात हे त्यांनी कबूल केलंय. माझ्या मते टबापेक्षा या कबुलीचा उपयोग जास्त झाला.

आता आई विचारतेय, गुडघ्यांसाठी तिने बसलं तर चालेल का. तिला बीपीची गोळी चालू आहे, म्हणून या शनिवारी आधी डॉक्टरांकडे जायचंय.