फसवावे, पण न्यायाने

वर्तमानपत्रातील शब्दकोडे तुम्ही पाहिले असेलच. काळ्यापांढऱ्या चौकटी, त्यांतील लहान लहान आकडे आणि शेजारी ‘आडवे शब्द’ व ‘उभे शब्द’ अशा दोन याद्या. या खेळाचा जन्म अमेरिकेत झाला. आर्थर विन या पत्रकाराने रचलेले कोडे न्यूयॉर्कच्या ‘वर्ल्ड’ या वृत्तपत्रात २१ डिसेंबर १९१३ रोजी छापून आले, आणि तेथून हा खेळ जगभर पसरला. त्या कोड्यातील संकेत सरळ होते. संकेतात अर्थ सांगावयाचा आणि वाचकाने शब्द ओळखावयाचा, एवढाच तो व्यवहार होता.

पुढे इंग्लंडातील काही बुद्धिमान लोकांना हा व्यवहार फार सोपा वाटू लागला. त्यांनी संकेत मुद्दाम गूढ केले, आणि त्यातून ‘कूट शब्दकोडे’ जन्माला आले. कूट संकेत वरवर एखाद्या साध्या वाक्यासारखा दिसतो. परंतु त्याच्या पोटात दुसराच अर्थ दडलेला असतो. एक उदाहरण पाहू या.

‘गरीब मागे फिरला, तेव्हा वाहते पाणी दिसले.’ (२)

कंसातील आकडा उत्तराची अक्षरे सांगतो. वाक्य वाचताच आपल्या डोळ्यांपुढे कोणी दरिद्री मनुष्य उभा राहतो. पण येथे मनुष्य नाही. येथे आहेत ते केवळ शब्द. गरीब म्हणजे ‘दीन’. हा शब्द मागे फिरवा, म्हणजे उलट वाचा. ‘नदी’! आणि नदी म्हणजेच वाहते पाणी. उत्तराकडे जाण्याच्या दोन वाटा या एका वाक्यात आहेत. एक वाट अर्थाची, दुसरी अक्षरांच्या खेळाची. दोन्ही एकाच जागी येऊन मिळाल्या, की आपले उत्तर बरोबर आहे अशी आपली आपणच खात्री करून घेऊ शकतो.

या खेळाच्या तऱ्हा अनेक आहेत. ‘समोर लपलेला पक्षी’ (२) हा संकेत घ्या. पक्षी झाडावर शोधू नका. तो ‘समोर’ याच शब्दात लपला आहे. ‘स’ बाजूला सारा, ‘मोर’ सापडेल. ‘सरकारला द्यावा लागणारा हात’ (२) यात एकाच शब्दाचे दोन अर्थ शेजारी बसविले आहेत. सरकारला द्यावा लागतो तो ‘कर’, आणि हात म्हणजेही ‘कर’.

आता एक प्रश्न उभा राहतो. वाचकाला फसविणे हाच ज्याचा हेतू, त्या संकेताला चांगले किंवा वाईट कसे ठरवावे? जो सर्वांत अवघड, तो सर्वांत चांगला, असे म्हणावे काय?

आपण क्षणभर परीक्षक होऊ. ‘नदी’ या शब्दावर तिघांनी संकेत पाठविले आहेत, असे समजा. पहिला लिहितो, ‘गरीब वाहते पाणी.’ यात ‘दीन’ उलटा वाचा असे सांगणारा एकही शब्द नाही. वाचकाने ते कसे ओळखावे? दुसरा लिहितो, ‘गरीब शेतकरी मागे फिरला, तेव्हा वाहते पाणी दिसले.’ वाक्य गोड आहे; पण ‘शेतकरी’ या शब्दाला काही कामच नाही. वाचक बिचारा त्या रिकाम्या शब्दाशी उगीच झुंजत बसेल. तिसरा लिहितो, ‘गरीब मागे फिरला, तेव्हा तहान भागली.’ तहान भागणे म्हणजे नदी नव्हे. येथे अक्षरांची वाट नीट आहे, पण अर्थाची वाट मध्येच तुटली. तिन्ही संकेत अवघड आहेत खरे. परंतु त्यांची अवघडता रचणाऱ्याच्या कौशल्यातून आलेली नाही, ती त्याच्या निष्काळजीपणातून आली आहे. अशा संकेतांना बक्षीस देता येणार नाही.

लंडनच्या ‘ऑब्झर्व्हर’ या साप्ताहिक वृत्तपत्रात ही पारख फार कसोशीने होत असे. तेथे १९२६ पासून एडवर्ड पॉविस मॅथर्स हे ‘टॉर्केमाडा’ या नावाने कोडी रचू लागले. संस्कृतातील ‘चौरपंचाशिका’ या काव्याचे मुक्त इंग्रजी रूपांतर करणारे तेच हे गृहस्थ. त्यांच्यामागून १९३९ मध्ये डेरिक मॅक्नट आले. हे व्यवसायाने शाळामास्तर. कोडी मात्र ते ‘झिमेनीझ’ या टोपणनावाने रचीत. ते वाचकांकडून ठराविक शब्दावर संकेत मागवीत, त्यांची छाननी करून उत्तम संकेतांना बक्षिसे देत आणि आपले अभिप्रायही छापून काढीत. संकेत कसा असावा, याविषयीचे त्यांचे पुस्तक १९६६ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यांच्या निधनानंतर १९७२ मध्ये ‘एझेड’ यांनी ती परंपरा पुढे चालविली. टॉर्केमाडा, झिमेनीझ आणि डेझा ही स्पेनमधील कठोर धर्मन्यायाधीशांची नावे. ‘डेझा’ची इंग्रजी अक्षरे उलट वाचली, की ‘एझेड’ होते!

आपल्याकडेही शब्दांच्या कूटाची पारख फार जुनी आहे. सुमारे सातव्या शतकात होऊन गेलेल्या दंडीने ‘काव्यादर्श’ या ग्रंथात पूर्वाचार्यांनी मानलेल्या सोळा प्रहेलिकांचा, म्हणजे कूटकाव्यांचा, विचार केला आहे. त्याच ठिकाणी चौदा सदोष प्रहेलिकांचाही तो उल्लेख करतो. कोडे सुटत नाही एवढ्यावरून ते चांगले ठरत नाही, हे त्या काळच्या पंडितांनाही ठाऊक होते.

असे का असावे? कोडे रचणाऱ्याला उत्तर आधीच माहीत असते. सोडविणारा अंधारात चाचपडत असतो. म्हणजे दोघांचे बळ सारखे नाही. ज्याच्या हाती अधिक बळ, त्याने नियम अधिक काटेकोरपणे पाळावेत, यालाच न्याय म्हणतात. चांगला संकेत वाचकाला चकवितो, पण त्याच्याशी खोटे बोलत नाही. उत्तर कळल्यावर वाचकाने स्वतःच्या कपाळावर हात मारून हसावे आणि म्हणावे, ‘अरे, हे तर येथेच लिहिले होते!’ उत्तर कळूनही तो कपाळाला आठ्या घालून बसला, तर दोष रचणाऱ्याचा समजावा.

आता तुम्हीही एखादा सोपा शब्द घेऊन त्यावर संकेत रचा आणि शेजारच्या मित्राला द्या. त्यातील प्रत्येक शब्द आपले काम करतो की नाही, हे त्याच्याकडूनच तपासून घ्या. तोवर हा एक संकेत तुमच्यासाठी ठेवतो. त्याची पारखही तुम्हीच करावी.

‘पहिल्या सुरामागून फळातील मऊ भाग आला आणि अथांग पाणी पसरले.’ (३)