पहिला वस्तरा घेताना

गेल्या दिवाळीच्या सुट्टीत घरी गेलो, तेव्हा आजोबांच्या हनुवटीवर कापल्याच्या दोन खुणा दिसल्या. आजोबा मराठा लाइट इन्फन्ट्रीतून निवृत्त झालेले. रोज सकाळी वस्तऱ्याने दाढी हा त्यांचा नेम. आता हात थरथरतो.

"उद्यापासून तुमची दाढी मी करतो," मी म्हणालो.

"आधी स्वतःची करायला शीक," ते हसून म्हणाले. "आणि माझ्या वस्तऱ्याने नाही. स्वतःचा घे."

मी संध्याकाळीच बाजारातून एक नक्षीदार मुठीचा, चकचकीत वस्तरा आणला. साठवलेले सगळे पैसे त्यात गेले. आजोबांनी तो हातावरच्या केसांवरून हलकेच फिरवला. एकही केस कापला गेला नाही. मग त्यांनी पातं टेबलाच्या काचेवर आडवं ठेवलं. ते डुगडुगलं. पातंच वाकडं होतं, म्हणजे धार लावूनही उपयोग नव्हता. माझी चूक एकच होती : मी मूठ बघून वस्तरा घेतला होता.

मित्रांनो, ती चूक तुम्ही करू नये म्हणून आजोबांनी शिकवलेलं इथे सांगतो.

पहिली गोष्ट रुंदीची. वस्तऱ्याच्या पात्याची रुंदी इंचाच्या आठव्या भागांत मोजतात. नवशिक्याला ५/८ इंच, म्हणजे साधारण १६ मिलिमीटर, किंवा ६/८ इंच, म्हणजे १९ मिलिमीटर बरं पडतं. त्याहून रुंद पातं जड होतं आणि नाकाखाली वळवायला अवघड जातं.

दुसरी गोष्ट टोकाची. टोक गोल हवं. चौकोनी टोकाने मिशीची कड रेखीव होते, पण नवख्या हातात तेच टोक आधी कानाला किंवा ओठाला लागतं.

तिसरी, पात्याच्या पोकळीची. पात्याच्या दोन्ही बाजू आतून खोलगट घासलेल्या असतात. फार खोलगट पातं पातळ होऊन लवतं. अजिबात खोलगट नसलेलं पाचरीसारखं जड असतं. सुरुवातीला मधलं घ्यावं.

चौथी, पोलादाची. कार्बन पोलादाला धार लवकर चढते, पण ते गंजतं. स्टेनलेस गंजाला दाद देत नाही, पण त्याला धार लावणं जास्त कष्टाचं. आमच्या कोकणातल्या पावसाळ्यात कार्बन पोलादाचा वस्तरा कोरडा पुसून तेलाचं बोट फिरवल्याशिवाय ठेवता येत नाही.

जर्मनीतलं झोलिंगेन आणि इंग्लंडमधलं शेफिल्ड ही वस्तऱ्यांची जुनी नावाजलेली गावं. तिथला जुना वस्तरा मिळाला तर उत्तमच, पण नाव वाचून भुलू नये. धारेला तडा नाही ना, गंजाचे खड्डे धारेपर्यंत पोचले नाहीत ना आणि मिटताना धार मुठीला घासत नाही ना, एवढं पाहावं.

सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे वस्तरा पाजळलेला हवा. दुकानातल्या नव्या वस्तऱ्यालाही पुष्कळदा दाढीपुरती धार नसते. बोथट वस्तरा धारदार वस्तऱ्यापेक्षा जास्त कापतो, कारण आपण तो दाबतो.

मला वस्तरा अखेर मिळाला तो आमच्या न्हावीकाकांच्या धोकटीत. हल्ली अर्धं ब्लेड बदलायचे वस्तरे वापरतात, त्यामुळे त्यांचा जुना वस्तरा पडून होता. त्यांनी तो दगडावर पाजळून, स्पिरिटने पुसून दिला. एक बजावलं : रक्तातून रोग पसरतात, म्हणून एका माणसाचा वस्तरा दुसऱ्याने वापरायचा नाही.

वस्तऱ्यासोबत चामड्याचा पट्टा हवाच. दर दाढीआधी त्यावर वस्तरा तीस-चाळीस वेळा फिरवायचा; पाठ आणि धार दोन्ही चामड्याला टेकलेली, पाठ पुढे आणि धार मागे. उलटताना पाठीवर उलटायचा. धारेवर उलटलात तर पट्टा कापला जातो आणि धारही जाते.

दाढी आंघोळीनंतर, केस मऊ असताना करावी. कातडी ताणून, वस्तरा सुमारे तीस अंशांत धरून केसांच्या दिशेने फिरवावा. पहिले काही दिवस फक्त गाल. हनुवटी आणि गळा आपल्या साध्या रेझरने.

छात्रावासात हे हत्यार आणायचं नाही, हे सांगायला नकोच. फॉल-इनच्या आधीच्या दहा मिनिटांत वस्तरा चालत नाही. सेफ्टी रेझर आहेच की. जिलेट कंपनीने तो १९०३ साली बाजारात आणला आणि पहिल्या महायुद्धात अमेरिकेने आपल्या सैनिकांना दिला. तो घाईत कमी कापतो. वस्तरा सुट्टीत, घरी, मोठ्यांच्या समोर शिकावा. पालकांनीही मुलाचा हात बसेपर्यंत जवळ थांबावं.

मी मे महिन्याच्या सुट्टीत रोज सराव केला. चार वेळा कापलं. चारही वेळा घाई माझीच होती. सुट्टी संपायच्या आदल्या दिवशी आजोबांनी स्वतःचा वस्तरा माझ्या हातात दिला आणि डावा गाल पुढे केला. तो नीट झाला.

"उजवा दिवाळीला," ते म्हणाले.