गणकयंत्रात कामकरी किती?

एक गडी दहा दिवसांत जे काम उरकतो ते दहा गडी एका दिवसात उरकतील, असे शाळेतले त्रैराशिक सांगते. विहिरीच्या खोदकामालाही ते पुरते लागू पडत नाही, कारण खड्ड्यात माणसे मावतात तितकीच मावतात. गणकयंत्राची अडचण याहून सूक्ष्म आहे.

आकडेमोड करणाऱ्या घटकाला प्रोसेसर म्हणतात. एका यंत्रात असे अनेक घटक बसवले तर लाभ किती, याचा हिशेब अमेरिकेतील जीन अ‍ॅमडाल यांनी १९६७ साली मांडला. समजा, काम १०० तासांचे आहे आणि त्यातील ५ तासांचा भाग असा, की तो एकट्यानेच करावा लागतो. १० प्रोसेसर लावले तर साडेचौदा तास लागतात. १०० लावले तर जवळजवळ सहा. हजार लावले तरी पाचाच्या वरच. खर्च हजारपट, वेग विसांच्या आतच!

दुसरी मर्यादा स्मृतीची. सर्वांची स्मृती सामायिक आणि तिच्याकडे जाणारा मार्ग एकच असला, की पाट्यापुढे वाटणासाठी रांग लावावी तसे प्रोसेसर खोळंबतात. म्हणून प्रत्येकाजवळ थोडी खाजगी स्मृती देतात. परंतु एकाने आकडा बदलला तर इतरांजवळची प्रत शिळी होते, आणि ही वार्ता पोहोचवण्यातच मार्ग अडून बसतो. अशा एकमार्गी यंत्रात काही डझनांपुढे प्रोसेसर वाढवणे सहसा परवडत नाही. कार्नेगी मेलन विद्यापीठाने १९७०च्या दशकात १६ प्रोसेसर आणि १६ स्मृतिकोश स्वतंत्र वाटांनी जोडले. त्याला २५६ सांधे लागले. दोहोंची संख्या ३२ केली, तर सांधे १०२४ होतात.

यावर उपाय म्हणजे ज्याची त्याची स्मृती वेगळी ठेवून परस्परांत निरोप पाठवणे. पुण्यात सी-डॅकने १९९१ साली पूर्ण केलेल्या परम ८००० या यंत्रात ६४ प्रोसेसर याच रीतीने जोडलेले होते. निरोपालाही अर्थातच वेळ लागतो. सेकंदाच्या अब्जांश भागात प्रकाशसुद्धा ३० सेंटिमीटरच जातो.

१९८८ साली जॉन गुस्टाफसन यांनी अ‍ॅमडाल यांच्या हिशेबाला वेगळे वळण दिले. यंत्र मोठे झाले की माणूस तेच जुने काम देत नाही, कामही मोठे देतो. आणि त्यात विभागता येणारा भागच बहुधा वाढतो. सँडिया प्रयोगशाळेतील १०२४ प्रोसेसरांच्या यंत्रावर त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी हजारपटीच्या आसपास वेग दाखवला. आज लाखो घटकांची यंत्रे चालतात, ती याच आधारावर.

तथापि वादळाच्या अंदाजाला ही सवलत पुरत नाही, कारण तो वादळाआधी हाती यावा लागतो. नकाशावरचे चौकोन बारीक करून ते अधिक प्रोसेसरांत वाटता येतात. पण चौकोन बारीक झाले की गणिताला काळाचे टप्पेही बारीक घ्यावे लागतात, आणि आधीचा टप्पा संपल्यावाचून पुढचा सुरू करता येत नाही.